जेंबे कार्यशाळा आणि मैफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रसेल्समधल्या आमच्या वस्तीच्या सभागृहात दर वसंतात आठ रविवार जेंबे आणि दुंदुनची कार्यशाळा भरते, नवव्या रविवारी मैफल होते. शिकवणारे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाचे, शिकणारे चहूकडचे. मी सहा वर्षांपूर्वी शिकायला गेले आणि तिथलीच झाले. मराठी कुटुंबं येऊ लागली तशी त्यांच्या चौकशांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही पुण्याहून आलेले आहेत, काही अँटवर्पहून, आणि दोन-तीन माझ्या आईने विचारलेले आहेत.

१. जेंबे म्हणजे नक्की काय? दुंदुन त्याच्यापेक्षा वेगळा का?

जेंबे म्हणजे एका अखंड ओंडक्यातून कोरलेला, वर रुंद आणि खाली निमुळता, पेल्याच्या आकाराचा तालवाद्य-प्रकार. उंची साधारण ६० सेंटीमीटर, तोंड ३० ते ३८ सेंटीमीटर. वर शेळीचं कातडं असतं, ते लोखंडी कड्या आणि दोरीने ताणलेलं असतं. खालचं तोंड उघडं. वाजवायचा फक्त हातांनी. गिनीचा वरचा भाग आणि माली इथल्या मांदिंग लोकांचं हे वाद्य. ते कोरण्याचं काम परंपरेने 'नुमू' म्हणजे लोहारांचं.

दुंदुन म्हणजे पिंपासारखे दोन तोंडांचे ढोल. त्यांना गाईबैलाचं कातडं असतं आणि ते काठीने वाजतात. तिघे भाऊ समजा: सर्वांत मोठा दुंदुनबा, मधला सांगबान, धाकटा केंकेनी. गिनीच्या हमाना भागात प्रत्येकावर एक लोखंडी घंटा बांधतात. एका हाताने कातड्यावर काठी, दुसऱ्या हाताने घंटेवर ठोका.

२. मी आयुष्यात काहीच वाजवलेलं नाही. जमेल का?

जमेल. पहिल्या रविवारी तीनच आवाज शिकवतात. तळहात कातड्याच्या मधोमध पडला की खर्ज. बोटं जुळवून काठाजवळ ठेवली की मोकळा, गोल आवाज. बोटं सैल सोडून तिथेच मारली की कडक, उंच चापट. तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू यायला बहुतेकांना तीन-चार आठवडे लागतात. चापट तर मला दोन वर्षांनी नीट सापडली, तेव्हा पहिल्या आठवड्यात ती निघाली नाही म्हणून कुणी नाउमेद होऊ नये.

एक गोष्ट आधीच सांगते. जेंबे जमिनीवर सपाट टेकवून वाजवू नका. तो स्वतःपासून थोडा पुढे कलता धरायचा, म्हणजे खालचं तोंड मोकळं राहतं. तोंड बंद झालं तर खर्ज आतच गुदमरतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय.

३. तबला पाच वर्षं शिकलोय. थेट पुढच्या गटात बसवाल का?

नाही. पण तुम्ही भराभर पुढे जाल हे नक्की. तबल्याने तुमचा कान आणि लय तयार झालेली आहे, ते भांडवल मोठं आहे. अडचण हातांची येते. तबल्यात प्रत्येक बोटाला वेगळं काम असतं, इथे सगळा पंजा एक होऊन पडतो आणि जोर मनगटापेक्षा हाताच्या वजनातून येतो. तबलजी पहिल्या दिवशी हमखास बोटांनीच बोल काढायला जातात. दुसरी अडचण समेची, ती प्रश्न ७ मध्ये सविस्तर आहे.

४. ढोल पथकात वाजवतो. त्याचा उपयोग?

फार. दोन-दोन तास उभं राहून वाजवायची ताकद आणि शेजाऱ्याकडे कान ठेवायची सवय, दोन्ही कामाला येतात. टिपरूची सवय असलेल्यांना आम्ही आनंदाने दुंदुनवर बसवतो. ताशाने हात बदलायची खूण केली की अख्खं पथक वळतं, तसंच इथे मुख्य जेंबेवाला एक ठरावीक वाक्य वाजवतो आणि त्यावर सगळे एकदम सुरू होतात किंवा एकदम थांबतात. ते वाक्य ऐकू आलं नाही तर शांततेत एकट्याचाच ठोका पडतो. पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा पडतो, आणि सगळे हसून पुढे जातात.

फरक आवाजाचा आहे. पथकात पन्नास ढोल एकच हात वाजवतात. इथे पाच जण पाच वेगळ्या गोष्टी वाजवतात आणि ताल त्या पाचांच्या मध्ये कुठेतरी तयार होतो.

५. बोल लिहून मिळतील का?

आमचे शिक्षक कागद देत नाहीत. ते तोंडाने म्हणतात, आपण हातांनी परत द्यायचं. नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी यांच्या शिकवण्यातून जगभर पसरलेले बोल आम्ही सोयीसाठी वापरतो: खर्जाला गुन आणि दुन, मोकळ्या आवाजाला गो आणि दो, चापटीला पा आणि ता. प्रत्येक जोडीतला पहिला उजव्या हाताचा, दुसरा डाव्या. पहिल्या दिवशीची साथ अशी म्हणतो:

पा – – ता पा – गो दो

आठ घरं, त्यातली तीन रिकामी. रिकाम्या घरातही हात थांबत नाही, हवेत आपली फेरी पूर्ण करतो. हे तोंडाने म्हणत म्हणत ट्रॅममध्ये मांडीवर वाजवा. घरी जेंबे नसला तरी चालतो.

आपल्याला हे नवं नाही. तबल्याचा बोल आधी म्हणायचा, मग वाजवायचा, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. मांदिंग भाषांत तर 'फो' या एकाच क्रियापदाचा अर्थ बोलणं आणि वाजवणं असा दोन्ही आहे. म्हणून जेंबे वाजवणाऱ्याला 'जेंबेफोला' म्हणतात, म्हणजे जेंबेला बोलतं करणारा.

६. मला जेंबे शिकायचाय. मग दोन रविवार दुंदुन का वाजवायला लावता?

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी जरा चिडून विचारतं, म्हणून नीट सांगते.

ताल कुठला चालू आहे हे जेंबेवरून ओळखता येत नाही. वर दिलेली 'पा – – ता' ही साथ कितीतरी तालांत जशीच्या तशी चालते. ताल ओळखायचा तो दुंदुनवरून, आणि त्यातही सांगबानवरून. केंकेनी एक लहानसा ठोका न ढळता धरून ठेवतो. सांगबान त्यावर गाण्याची ओळ म्हणतो. दुंदुनबा कमी बोलतो, पण बोलला की जमीन हलते. तिघांच्या तीन उंचींमधून एक चाल तयार होते आणि ती इतकी ठसठशीत असते की मुलं घरी जाताना गुणगुणतात. जेंबेचे एकल वादक त्या चालीवर स्वार होतात.

मागच्या वर्षी एक गृहस्थ होते, बोटं अत्यंत चपळ, पण साथीत नेहमी घाई व्हायची. शिक्षकांनी त्यांना तीन तास नुसता केंकेनी दिला. एकच ठोका. पहिला अर्धा तास त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. मग हळूहळू मान डोलायला लागली. त्यानंतर जेंबे हातात घेतला तेव्हा त्यांच्या साथीत जागा आली होती, प्रत्येक ठोक्याला श्वास मिळत होता. मी ते जवळून पाहिलं आणि तेव्हापासून मी स्वतः दर वर्षी पहिले दोन रविवार केंकेनी मागून घेते.

साथ म्हणजे दुय्यम काम, हा समज इथे सोडून द्यावा लागतो. एकल वादक पाणी प्यायला गेला तरी ताल चालू राहतो. केंकेनी थांबला की सगळंच थांबतं.

७. सम कुठे आहे? मला सापडतच नाही.

आपल्या संगीताच्या तालमीत वाढलेल्या मराठी माणसाचा हा सर्वांत खरा प्रश्न. आपला कान आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येऊन विसावतो. इथे तसा एकच सर्वमान्य विसावा नाही. केंकेनी बऱ्याच तालांत ठोक्यावर न येता दोन ठोक्यांच्या मधे येतो. सांगबानची ओळ मध्यावरच सुरू झाल्यासारखी वाटते. तुम्ही केंकेनीलाच ठोका समजून बसलात तर अख्खा ताल उलटा ऐकू येतो, आणि शिक्षकांनी आत घेतलं की तुम्ही अर्ध्या घराने बाहेर.

उपाय एकच: नाचणाऱ्याचे पाय पाहा. ठोका कानात सापडला नाही तरी पायात असतोच. म्हणून आमच्या वर्गात वाजवणाऱ्यांनाही पहिली दहा मिनिटं नाचावं लागतं. लाजू नका. आणखी एक बारकावा: काही ताल चारच्या विभागणीचे, काही तीनच्या, आणि काहींत ती छोटी घरं मुळात सारख्या मापाची नसतात, एक किंचित लांब, एक किंचित आखूड. संगणकावर सगळी घरं समान करून सराव केलात तर तालातला झोल निघून जातो.

८. आपण कुठले 'आफ्रिकन ताल' वाजवतो?

'आफ्रिकन ताल' असा एक ताल नाही, जसा 'आशियाई ताल' नाही. प्रत्येकाला नाव आहे, गाव आहे, निमित्त आहे. या वर्षी हे चार घेतले आहेत.

कासा हा गिनीच्या कुरुसा भागातल्या मालिंके (मांदिंगांपैकीच) शेतकऱ्यांचा. सुगीला माणसं रांगेने शेतात उतरतात, तेव्हा वादक बांधावर उभे राहून वाजवतात आणि हात तालावर चालतात. आपल्याकडची भलरी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

कुकु हा गिनीच्या अरण्यप्रदेशातल्या मनियाँ लोकांचा, बायका मासे धरून परत येत तेव्हाचा. आता तो कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी वाजतो.

यांकादी आणि माक्रू हे सुसू लोकांचे जोडीने वाजणारे ताल, समुद्राकडच्या भागातले. मुलं आणि मुली समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात. यांकादी संथ, नजरेचा. मग शिट्टी वाजते आणि त्याच क्षणी माक्रू सुरू होतो, वेगाचा. ते वळण मैफलीत ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल.

वाजवण्याआधी नाव, माणसं आणि निमित्त सांगायचं, हा आमच्याकडचा नियम आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. मैफलीतही प्रत्येक तालाआधी एक शिकाऊ वादक ते सांगतो. मराठीतून सांगायचं असेल तर तीही सोय आहे.

९. हे 'ड्रम सर्कल'सारखंच का?

नाही. ड्रम सर्कलमध्ये गोल बसून ज्याला जे सुचेल ते वाजवायचं असतं. त्यात मोकळेपणाचा आनंद आहे आणि ज्यांना तो हवा त्यांनी जरूर जावं. इथे प्रत्येकाला ठरलेली साथ मिळते आणि ती दुसऱ्याच्या साथीत बसवावी लागते. का, ते प्रश्न ६ मध्ये.

१०. हात सुजले तर?

पहिल्या दोन आठवड्यांत तळवे लाल होतात, चुरचुरतात. गार पाण्यात धरा, रात्री खोबरेल लावा. बोटाच्या सांध्यात कळ येत असेल तर मात्र बोट काठावर आदळतंय, तेव्हा थांबा आणि शिक्षकांना हात दाखवा.

क्वचित होणारी पण माहीत असावी अशी गोष्ट: तासन् तास जोरात वाजवल्यावर काहींची लघवी लालसर-तपकिरी होते. हाताच्या माराने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग लघवीत उतरू शकतो. बहुधा ते आपोआप थांबतं, पण स्वतःच अंदाज बांधू नका, डॉक्टरांना दाखवा आणि जेंबे वाजवल्याचं आवर्जून सांगा. बंद सभागृहात दोन तास बसायचं म्हणजे कानात बोळेही हवेत. ते आम्ही दारात देतो.

११. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र?

अंगठ्या आणि बांगड्या काढाव्याच लागतात. धातूने कातडं चिरतं आणि बोटही. बोटातून न निघणारी अंगठी असेल तर त्या दिवशी दुंदुन घ्या, काठीने वाजतो. मंगळसूत्राची अडचण नाही. लांब असेल तर आत सारा.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. कातड्याला हात लावायचा नाही असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं आहे.

आमच्याकडे कातड्याऐवजी कृत्रिम पान लावलेले दोन जेंबे खास त्यासाठी आहेत. आवाज थोडा कोरडा येतो, पण शिकायला काही कमी पडत नाही. नाव नोंदवतानाच सांगा. आपल्या तबल्याची पुडी आणि मृदंगाचं पानही कातड्याचंच असतं, हे मोठ्यांना सांगून काहींच्या घरी परवानगी मिळाली. ज्यांना तरीही नको वाटतं त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही.

१३. कातड्यातून भयंकर रोग झाल्याचं वाचलं. खरं आहे?

खरं आहे, आणि त्याचा संबंध अँथ्रॅक्सशी आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि २००८ मध्ये लंडनमध्ये जेंबे बनवणाऱ्यांना तो झाला. कच्ची, प्रक्रिया न केलेली कातडी कोरडी खरवडताना उडालेली धूळ श्वासात जाणं, हे त्यामागचं कारण. तयार जेंबे वाजवणाऱ्याला धोका अगदीच कमी आहे. आमच्या कार्यशाळेत केस खरवडण्याचं काम होत नाही आणि घरी कुणी करूही नये. कातडं बदलायचं असेल तर जाणत्या कारागिराकडे द्या.

१४. वाद्याला पाय लागला तर? चपला काढायच्या का?

जेंबेच्या बाबतीत तसा नियम नाही. जेंबे दोन मांड्यांत धरून वाजवतात आणि पाय लागतोच. तुमचा हात आपसूक कपाळाकडे गेला तर जाऊ द्या, कुणाला वावगं वाटत नाही. आमच्या शिक्षकांचे नियम दुसरे आहेत: जेंबेवर बसायचं नाही, त्यावर पाण्याची बाटली ठेवायची नाही, आणि दुसऱ्याच्या जेंबेला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ते मात्र कडक आहेत.

१५. हे पुरुषांचं वाद्य आहे ना?

परंपरेने हो. गावाकडे जेंबे आणि दुंदुन पुरुष वाजवत, बायका गात आणि नाचत, आणि त्यांच्या नाचावरच वादकाला चालावं लागे. गेल्या काही दशकांत गिनीच्या राजधानीत, कोनाक्रीत, बायकांची पथकंही उभी राहिली. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त बायका आहेत.

१६. मुलांना कितव्या वर्षापासून?

सातव्या. त्याहून लहान मुलांना पालकांच्या शेजारी घंटा वाजवायला देतो.

१७. स्वतःचा जेंबे घ्यावा का? आणि त्याचा आवाज मधूनच उतरतो का?

पहिल्या वर्षी घेऊ नका, सभागृहात आहेत. घ्यायचाच झाला तर आतून हात फिरवून पाहा: लाकूड एकसंध हवं, तुकडे चिकटवलेलं नको, आणि भिंतीवर अवजाराच्या खुणा हाताला लागायला हव्यात.

कातडं हवेबरोबर बदलतं. दमट हवेत सैल पडतं, कोरड्या उबेत ताणतं. गावात मैफलीआधी गवताचा जाळ करून कातडं शेकतात, आपल्याकडे हलगी शेकतात अगदी तसंच. इथे हिवाळ्यात उलटी भीती. मी माझा पहिला जेंबे घरात हीटरशेजारी ठेवला होता. पहाटे बंदुकीसारखा आवाज झाला, उठून पाहते तर कातडं काठापासून काठापर्यंत फाटलेलं. मग पुन्हा झोप आली नाही. म्हणून सांगते: हीटरपासून लांब, उन्हातल्या गाडीत कधीच नाही, आणि वर टोपी घालून. कोकणात पावसाळ्यात नेणार असाल तर कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा दोरी ताणून घ्या.

१८. मैफलीत प्रेक्षकांनी नुसतं बसायचं का? नाचणाऱ्याला पैसे दिलेले पाहिले, तो अपमान नाही का?

मुळीच नाही. पश्चिम आफ्रिकेत आवडलेल्या वादकाच्या किंवा नर्तकीच्या कपाळाला नोट लावतात, किंवा पायाशी ठेवतात. तमाशातली दौलतजादा डोळ्यांसमोर आणा. ती दाद आहे. आमच्याकडे जमलेले पैसे शेवटी वादकांत वाटले जातात. शेवटच्या तालाला गोल मोकळा होतो, मग कुणीही आत यावं, चार पावलं नाचावं आणि बाहेर जावं. एकाने फार वेळ गोल अडवू नये, एवढंच.

१९. दीक्षाविधीचे ताल मंचावर वाजवणं योग्य आहे का?

'सोली' हा मुलांच्या सुंता-दीक्षेच्या वेळचा ताल. या वर्षी तो कार्यक्रमात नाही, पण दुसऱ्या गटाला शिकवतात. प्रश्न मोलाचा आहे आणि त्याला इतिहास आहे. फोदेबा केइता यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये 'ले बाले आफ्रिकाँ' ही नृत्यमंडळी उभी केली. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर ती राष्ट्राची मंडळी बनली. पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या सरकारने एका हाताने गावोगावचे मुखवटे आणि गुप्त विधी मोडून काढले, आणि दुसऱ्या हाताने तेच ताल रंगमंचावर जगभर फिरवले. खुद्द केइता १९६९ मध्ये त्याच राजवटीच्या तुरुंगात मारले गेले. आज आपण जे वाजवतो त्यातलं बरंच त्या मंचावरून आलेलं आहे. जेंबेवादक ममादी केइताही तशाच राष्ट्रीय मंचावर घडलेले, १९५० मध्ये गिनीतल्या बालांदुगु गावात जन्मलेले. त्यांनी १९९१ मध्ये इथेच, ब्रसेल्समध्ये, आपली शाळा काढली आणि या शहरातल्या किती हातांना वळण लावलं. ते २०२१ मध्ये गेले.

तेव्हा सोली मंचावर आणायचा निर्णय गिनीतल्या लोकांनीच कधीचा घेतला आहे. आपल्यावर एवढंच बंधन मानावं: तो कशाचा ताल आहे हे सांगितल्याशिवाय वाजवायचा नाही (प्रश्न ८), आणि शिक्षक 'आज नको' म्हणाले तर कारण विचारत बसायचं नाही.

२०. जंजिऱ्याच्या सिद्दींचे ढोल, इथल्या मातोंगेमधले ढोल, सगळं एकच का?

नाही. जंजिऱ्याच्या आणि गुजरातच्या सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आले, समुद्रमार्गे. जेंबेचा प्रदेश खंडाच्या दुसऱ्या टोकाला. ब्रसेल्सच्या इक्सेल भागातलं मातोंगे ही मुळात काँगोच्या लोकांची पेठ, म्हणजे मध्य आफ्रिका. पश्चिम आफ्रिकेतही सगळीकडे जेंबे नाही: सेनेगलच्या वोलोफ लोकांचा साबार एक हात आणि एक काठी यांनी वाजतो, नायजेरियाच्या योरुबांचा बोलका ढोल काखेत दाबून.

२१. आमच्या मंडळाच्या गणपतीत वाजवाल का?

गेल्या दोन वर्षांत तीन मंडळांनी विचारलं. शिक्षकांना आनंद होईल, पण तीन गोष्टी आधी ठरवा. मानधन आधी सांगा आणि त्याच दिवशी द्या, त्यांचं पोट यावरच आहे. जेंबेच्या साथीला ढोल-ताशा एकाच वेळी लावू नका, ताशापुढे सांगबानची ओळ बुडते. आळीपाळीने वाजवा. आणि रस्त्यावर मिरवणूक असेल तर पालिकेची परवानगी तुम्ही काढायची, त्यात वाद्यांची संख्या खरी लिहायची. तारीख जूनच्या आत कळवा, कारण पुढे ते दोन महिने गावी कुरुसाला जातात.